शेवटच्या माणसाची सुरी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. पातं वीतभर, मूठ हाडाची, म्यान चामड्याचं. राखणदारांच्या आणि त्यांच्या खडतर प्रवासांच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. त्या गोष्टींत तलवारी असतात. त्यांना भारदस्त नावं असतात, शत्रू जवळ आला की त्या आपोआप लखलखतात आणि राक्षसाचं मुंडकं उडवून पुन्हा शहाण्यासारख्या म्यानात जाऊन बसतात. मला नाव नाही. राक्षस सोडाच, मी आयुष्यात कधी कांदासुद्धा चिरलेला नाही. मला एकाच कामासाठी घडवलं, आणि ते काम ऐकल्यावर तुम्ही मला हातात घ्यायला कचराल. तरीही सांगते. मनात ठेवून ठेवून आतून गंज चढायची वेळ आली आहे.

लोहारानं मला एका मोडक्या विळ्याच्या पोलादातून घडवलं. मी तयार होऊन पाण्यातून चर्र करत बाहेर आले, तेव्हा त्याच्या बायकोला मी फार आवडले. तिनं मला स्वयंपाकघरासाठी मागितलं. "ही नको, ही राखणदारांची आहे," लोहार म्हणाला. बाईंनी हात असा झटकन मागे घेतला की मला वाटलं, मी अजून तापलेलीच आहे. मला त्याचा अर्थ कळला नाही. उलट मी फुशारले. आपण कुणीतरी मोठ्या आहोत असा माझा समज झाला.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. वर बर्फाची खिंड, आणि खिंडीपलीकडे दुसरं मोठं गाव. मीठ, औषधं, निरोप, पाहुणे, सगळं त्या खिंडीतूनच येतं-जातं. बर्फात खोल भेगा असतात. वरून बर्फाचा पातळ पापुद्रा धरलेला असतो, त्यामुळे पाय पडेपर्यंत त्या दिसत नाहीत. म्हणून वाटसरूंना सुखरूप पलीकडे नेणारी राखणदारांची टोळी पिढ्यानपिढ्या इथं राहते. ते सगळ्यांना एकाच दोराला बांधतात. पुढे वाट शोधणारा, मध्ये वाटसरू, त्यांच्यामागे सगळ्यात वजनदार गडी आणि अगदी शेवटी टोळीतला सगळ्यात म्हातारा माणूस. त्याला शेवटचा म्हणतात. मी त्याच्या कमरेला असते.

आता माझं काम. शेवटचा माणूस भेगेत पडला आणि त्याच्या वजनानं वरची माणसं घसरू लागली, तर त्यानं दोर कापायचा. स्वतःच्या डोक्यावरचा, स्वतःच्या हातानं. वरच्यांनी कधीच कापायचा नाही, असा टोळीचा नियम. ज्याचा जीव जायचा त्यानंच ठरवायचं. नियम मोठा न्यायाचा आहे, असं सगळे म्हणतात. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होते.

टोळीची आणखी एक रीत होती. जो माणूस मला धार लावतो, तोच धार लावून झाल्यावर म्यानाचं तोंड एका टाक्यानं शिवतो. शेवटच्या माणसानं तो टाका उसवून धार बघायची नाही. बघितली तर तो धार लावणाऱ्यावर अविश्वास, आणि शिवाय पडण्याला आमंत्रण. प्रवास सुखरूप झाला की टाका तसाच परत यायचा. मग मला बाहेर काढून, पुसून, नव्यानं धार लावून पुन्हा शिवून टाकायचं. अशी माझी वर्षानुवर्षं काही न कापता गेली. राखणघरात शेगडीवर ओले मोजे वाळत असायचे, खुंट्यांवर दोरांची वेटोळी असायची आणि मला मात्र दाराच्या वर मानाची जागा. येणारा-जाणारा माझ्याकडे बघून आवाज खाली आणायचा. रिकामटेकड्या माणसाला एवढा मान मिळाला तर तो जसा शेफारेल, तशी मी शेफारले होते.

धार लावायचं काम तेव्हाच्या शेवटच्या माणसाच्या लेकीकडे होतं. आई नव्हती, बापलेक दोघंच. तिचा हात हलका होता आणि नजर पक्की. ती दगडावर मला फिरवायची तेव्हा गुदगुल्या व्हायच्या. झाल्यावर बाहीला पुसायची आणि बापाला ओरडून सांगायची, "झाली हो तुमची सुरी! हरवू नका!" बाप हसायचा.

एका हिवाळ्यात तो भेगेत पडला. त्यानं टाका उसवला, मला काढलं, आणि एका झटक्यात दोर तुटला. मला आठवतं ते इतकंच की ते काम फार सोपं होतं. बर्फ वितळल्यावर त्याला खाली आणलं, तेव्हा मी त्याच्या मुठीतच होते.

माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! दोरावरचे सगळे वाचले होते. लोक मला हातात घेऊन त्या मुलीला म्हणत, "पोरी, काय धार लावली होतीस! एका झटक्यात!" ते तिला धीर द्यायला म्हणत होते. ती मान हलवून ऐकून घ्यायची. घरी गेल्यावर ती मला समोर ठेवून बसली आणि खूप वेळ हात लावीना. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझीच लाज वाटली. तोवर मी स्वतःला राखणदार समजत होते.

त्या दोरावर वाचलेल्यांत तिच्या बापाचा जिवलग मित्र होता. त्यानं आपणहून शेवटची जागा मागून घेतली. पुढे त्या मुलीचं लग्न त्याच्याच मुलाशी झालं, आणि ती त्याला मामंजी म्हणू लागली. मीही त्याला मामंजीच म्हणते. फार गमत्या म्हातारा. जेवायला बसला की विचारायचा, "सूनबाई, मीठ घालायचं विसरलीस की माझी जीभच म्हातारी झाली?" शेगडीजवळची ऊबदार जागा मात्र रोज तिच्यासाठी धरून ठेवायचा आणि दुसरं कुणी बसू लागलं तर काठी आडवी घालायचा. तिच्या बापाबद्दल गावात सगळे जपून बोलत. मामंजी एकटा मोकळेपणानं बोलायचा, त्याच्या घोरण्याच्या नकला करायचा. ती हसता हसता रडायची. धार लावायचं काम अजून तिच्याकडेच होतं, आणि आता ती मामंजीसाठी लावत होती.

मग गावात ताप आला. आधी कुंभाराच्या घरी, मग गल्लीगल्लीत. लहान मुलं फणफणू लागली. तापावरचं औषध जाणणाऱ्या वैद्यीणबाई खिंडीपलीकडच्या गावात राहत होत्या. त्यांना आणायला टोळी निघाली. पुढे सूनबाईचा नवरा, मध्ये ढोल्या, शेवटी मामंजी. ढोल्या म्हणजे टोळीतला वजनदार गडी. एरवी त्याचा धंदा दोर वळायचा. ताग पिळून पेड करायचे, तीन पेडांचा एक दोर. टोळीचे सगळे दोर त्याच्या हातचे होते.

निघायच्या आधी दुपारी ती मला घेऊन बसली. पलीकडच्या खोलीत मामंजी आणि त्याचा मुलगा एकाच मोज्यावरून भांडत होते आणि हसत होते. तिनं मला छान धार लावली. बाहीला पुसलं. मग ती थांबली. तिनं मला उभं धरलं, पात्याची धार दगडावर सरळ टेकवली आणि ओढली. मला वाटलं, हात चुकला. तिनं पुन्हा ओढलं, आणि मग मला कळलं. ती लावलेली धार मारत होती. टोकापासून मागेपर्यंत तिनं मला लाकडासारखं बोथट करून टाकलं. फक्त मुठीजवळ नखाएवढा तुकडा दगडाला लागला नाही. मग तिनं मला म्यानात घातलं आणि टाका घातला. रोजच्यासारखा सुबक टाका.

मित्रांनो, मला त्या क्षणी काय वाटायला हवं होतं? माझ्यावर दोरावरच्या सगळ्यांचे जीव होते. गावातली तापलेली पोरं होती. मी घाबरायला हवं होतं. पण मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचा सल मला आजही आहे.

जाताना काही झालं नाही. टोळी वैद्यीणबाईंना घेऊन परत निघाली. औषधांची पेटी त्यांनी कुणाकडे दिली नाही, स्वतःच्या पाठीवर घेतली. त्यांना पुढच्या माणसाच्या मागे बांधलं, त्यांच्यामागे ढोल्या. बर्फाच्या एका पट्ट्यावरून तिघं नीट गेले. मामंजी मधोमध आला आणि त्याच्या पायाखालचा बर्फ खचला.

दोर ताणला गेला. वर ढोल्या पालथा पडला आणि भेगेकडे ओढला जाऊ लागला. त्याच्या डाव्या हाताला दोराचा वेढा बसला होता. तो ओरडत होता. त्याच्यापुढे बाई घसरत होत्या, आणि सगळ्यात पुढे मामंजीचा मुलगा काठी बर्फात रोवायला धडपडत होता.

खालून मामंजी म्हणाला, "पोरा, बाईंना सांभाळ! मी कापतोय!"

त्यानं म्यान कमरेतून काढून दातांनी टाका तोडला. मला काढलं आणि डोक्यावरच्या दोरावर घासलं. मी दोरावरून साबणासारखी घसरले. त्यानं पुन्हा घासलं. "अगं काप ना," तो मला म्हणाला. रागानं नाही, हट्टी जनावराला समजवावं तसं. "काप बाई. वर माझा मुलगा आहे."

मुठीजवळची नखाएवढी धार मला माहीत होती. त्याचा हात दोन बोटं पुढे सरकला असता, तरी दोर तुटला असता. सुरीला बोलता येत नाही हे खरं. पण बोलता आलं असतं, तरी मी त्याला सांगितलं नसतं. वर तीन माणसं मरणाच्या दारात होती आणि मी मनात म्हणत होते, नको सापडू दे, त्याला नको सापडू दे. मी अशी राखणदार.

काठी रुतली. मुलगा आणि बाई थांबले. ढोल्या भेगेच्या अगदी काठावर थांबला. मग त्या तिघांनी मामंजीला वर ओढून काढलं. फार वेळ लागला. तोवर वेढा पडलेला ढोल्याचा हात काळानिळा झाला होता. गावात पोचल्यावर बाईंनी आधी मुलांना औषध दिलं आणि मग राखणघराच्या टेबलावर ढोल्याच्या डाव्या हाताची बोटं काढून टाकली. अंगठा तेवढा राहिला.

गाव वाचलं. सगळीकडे ढोल्याचं नाव झालं. हात गेला पण त्यानं म्हाताऱ्याला सोडलं नाही, असं जो तो सांगू लागला.

मामंजी घरी आला, उजेडात मला बघितलं आणि जेवणाच्या टेबलावर सुनेसमोर ठेवलं.

"हे काय आहे, सूनबाई?"

"सुरी."

"ही सुरी नाही. हिनं लोणीसुद्धा कापलं जाणार नाही. काय केलंस तू?"

"धार मारली," ती म्हणाली. "एक बाप मी स्वतःच्या हातानं घालवला, मामंजी. पुन्हा नाही करणार."

"वर तुझा नवरा होता. बाई होत्या, औषध होतं. कुणाला विचारलंस तू?"

तिनं पदराच्या टोकानं माझं पातं पुसलं.

"मला तरी विचारायचंस. म्हणायचंस, मामंजी, शेवटी चालू नका. मी तुझ्यावर ओरडलो असतो. पण विचारायचंस. जिवंत ठेवलंस म्हणून आता मी तुझे पाय धरू, की ढोल्याची बोटं तुझ्यापुढे मोजू? तूच सांग मला."

तिनं मला उचललं, पदराखाली घेतलं आणि ती थेट ढोल्याच्या घरी गेली.

ढोल्याच्या खोलीत छताच्या आकड्यांना अर्धवट वळलेले दोर लोंबत होते. त्याची बायको तागाचे पेड धरून बसली होती आणि तो तोंडानं सांगत होता, "आवळ, अगं आवळ, वेणी नाही घालायची तुला." सूनबाई दिसताच तो हसला. "या वहिनी. हात दाखवला असता, पण बाईंनी पट्टी सोडायची नाही म्हणून तंबी दिलीय."

तिनं मला त्याच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. "भाऊजी, ती बोटं माझ्यामुळे गेली," ती शेवटी म्हणाली.

ढोल्याचं हसू गेलं. त्यानं उजव्या हातानं मला उचलून धारेवरून अंगठा फिरवला. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "काका खाली घासत होते ते मला दोरातून कळत होतं. मी वर काय ओरडत होतो माहीत आहे? काप म्हाताऱ्या. काप लवकर. असं ओरडत होतो मी. लोक म्हणतात, ढोल्यानं सोडलं नाही. सोडायला हात मोकळा कुठे होता?"

त्याच्या बायकोच्या हातातले पेड सुटले.

"हे काकांना सांगू नका," ढोल्या म्हणाला.

"नाही सांगणार."

"आणि मी तुम्हाला माफ केलं असंही समजू नका. दोर वळणाऱ्याची बोटं होती ती, वहिनी. अजून मला नीट रागसुद्धा आलेला नाही. पण येईल."

"येऊ दे," ती म्हणाली. "मी रोज येईन. तुम्ही सांगा, मी वळते."

आणि ती खरंच रोज गेली. त्याचा राग आला, तोही तिनं सोसला. कधी तो तिचा दिवसभराचा दोर उलगडून टाकायचा, कधी तिला दारातूनच परत पाठवायचा. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर. हळूहळू तिचे दोर टोळीच्या कामाला येऊ लागले. बोटं काही परत आली नाहीत.

मामंजीनं राखणघरात सगळ्यांसमोर सुरीची हकिगत सांगितली. तिनं ती मान खाली घालून ऐकली. धार लावायचं काम तिच्याकडून काढून तिच्या नवऱ्याकडे दिलं, ते तिनं मान्य केलं. नवरा बरेच दिवस तिच्याशी धड बोलला नाही. बाप वाचला म्हणून हात जोडावेत, की बाई आणि औषध पणाला लावलं म्हणून संतापावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. जेवताना मामंजीच मिठाची कुरबुर काढून दोघांना बोलायला लावायचा.

मामंजी पुढे बरेच हिवाळे शेवटी चालला, पण पुन्हा कधी पडला नाही. अखेर तो घरीच, अंथरुणात, सून उशाशी असताना गेला. मी खुंटीवरून बघत होते. मला आनंद झाला, आणि लगेच ढोल्याच्या हाताची आठवण झाली. तेव्हापासून माझं असंच होतं. आनंद काही एकटा येत नाही.

आता सूनबाईचेही केस पांढरे झाले आहेत. टोळीत शेवटच्या जागेसाठी माणूस उरला नाही, तेव्हा ती उभी राहिली. काही जण कुजबुजले. ढोल्या म्हणाला, "तिनं वळलेला दोर आहे, तिलाच बांधा." त्याच्या मनात माफी होती की शिक्षा, ते मला आजवर कळलेलं नाही. बहुधा त्यालाही नसेल.

मित्रांनो, वस्तू नीट ठेवा, पुसा, तेल लावा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळं सांगते. ज्या वस्तूवर कुणाचा जीव टांगलेला आहे, तिला त्याच्या पाठीमागे हात लावू नका. प्रेमापोटीसुद्धा नको. आधी त्याला विचारा. तो ओरडेल, रुसेल, ऐकणारही नाही. तरी विचारा. सुरीला विचारता येत नाही, तुम्हाला येतं.

हे सगळं मी तिच्या कमरेवरून, म्यानाच्या आतून सांगते आहे. बाहेर बर्फ करकरतो आहे. खिंड जवळ आली असावी. आज सकाळी राखणघरात तिच्या नवऱ्यानं मला धार लावायला घेतली. त्याचे गुडघे गेलेत, तो आता चढत नाही. ती समोरच्या बाकावर बुटाचे बंद आवळत होती. धार लावून झाली. त्यानं मला बाहीला पुसलं. आणि त्याचा हात दगडावर थांबला. मला ती थांबण्याची जात ओळखीची होती. मी श्वास रोखून धरला, सुरीला जितका धरता येतो तितका.

"अगं," तो म्हणाला. "काय करू?"

तिनं मान वर केली. त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"राहू द्या तशीच," ती म्हणाली. "चांगली लागलीय."

त्यानं मान हलवली आणि मला म्यानात घातलं. टाका घालायला सुई घेतली, पण डोळ्यांतल्या पाण्यानं त्याला दोरा ओवता येईना. शेवटी तिनंच तो ओवून दिला.